तोंडावर बोट ठेवून मेंदू शांत होत नाही

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की पहिले दोन आठवडे बालवर्गाच्या दारात रडारड असते. मुले रडतात, काही आयाही हळूच डोळे पुसतात आणि एखादे आजोबा फाटकाबाहेर उगाच रेंगाळत राहतात. घरोघरी चर्चा होते ती फी, गणवेश, दप्तर आणि माध्यमाची. दाराच्या आत जी बाई उभी असते तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पुष्कळदा ती वीस-एकवीस वर्षांची मुलगी असते. पूर्वप्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करणारी, सराव पाठांसाठी शाळेत पाठवलेली. समोर तीस-पस्तीस मुले, एक खोली आणि हातात पाठ टाचण. तिच्या कामाला आपण 'वर्ग सांभाळणे' असे सोपे नाव दिले आहे.

हा विषय शिक्षणाचा, मग आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. चार-पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग सांभाळणे हे मुळात शरीर आणि मेंदू समजून घेण्याचे काम आहे, असे माझे मत आहे. ते नीट झाले तर मुलांना त्याचा फायदा पुढे अनेक वर्षे होतो. नीट झाले नाही तर त्याचे परिणाम आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसतात. मुले येतात, तशा बाईही येतात.

वर्गात नेमके काय घडते?

गेल्या पावसाळ्यात अशीच एक छात्रशिक्षिका आमच्या सरकारी रुग्णालयात आली. ओळख कळू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. तीन आठवडे तिचा आवाज बसलेला होता. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा सर्दी-ताप झाला होता आणि आता लघवीला जळजळ होत होती. एरवी प्रकृती चांगली, कोणताही जुना आजार नाही. तिन्ही तक्रारींचा धागा कुठे जुळतो हे पाहण्यासाठी मी तिला विचारले, 'दिवस कसा जातो तुझा?'

ती सांगत गेली. वर्ग मोठ्या शिशूचा. पटावर छत्तीस मुले, रोज तिसाच्या वर हजर. सराव पाठाच्या काळात वर्गाच्या मूळ बाई कार्यालयातील कामाला जात. मदतीची मावशी तीन वर्गांत मिळून एक. टाचणात विषय होता 'पाळीव प्राणी' आणि वेळ तीस मिनिटे. रात्री जागून तिने पुठ्ठ्याची गाय, शेळी आणि कुत्रा बनवून नेला होता. पहिली पाच मिनिटे छान गेली. मग गाय कोणी हातात धरायची यावरून दोघांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला. त्यांना सोडवेपर्यंत एक मुलगी दाराबाहेर गेली. तिला आणायला जावे तर वर्ग मोकळा. तेवढ्यात एकाला चड्डीतच शू झाली. दोन मुले भिंतीला टेकून झोपली होती. उरलेली पाऊस बघायला खिडकीकडे धावली. ती ओरडली, 'हाताची घडी, तोंडावर बोट!' क्षणभर सगळे गप्प, मग पुन्हा तेच. दिवसभरात हे कितीदा झाले याची तिने मोजदाद सोडून दिली होती. वर्ग सोडून स्वच्छतागृहात जाता येत नाही म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नसे.

निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापक बाईंनी तिच्या वहीत शेरा लिहिला होता : 'टाचण उत्तम. वर्गनियंत्रण नाही. आवाज वाढवावा.'

आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहायला हवे. तसे पाहिले तेव्हा तिच्या स्वरतंतूंवर सूज आणि गाठींची सुरुवात आढळली. आवाज वाढवणे हा तिच्या घशासाठी सर्वांत वाईट सल्ला होता. वर्गासाठीही तो वाईटच होता, ते पुढे येईलच. निघताना ती म्हणाली, 'मला मुलं आवडतात म्हणून हा कोर्स घेतला, डॉक्टर. आता सकाळी शाळेचं फाटक दिसलं की पोटात गोळा येतो.'

या मुलीत काही कमी होते, असे मला वाटत नाही. तिला गोष्ट कशी सांगावी, गाणे कसे शिकवावे, टाचण कसे लिहावे हे शिकवले गेले होते. चार वर्षांच्या मुलाचा मेंदू काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, एवढेच नेमके शिकवायचे राहिले होते.

ब्रेक अजून तयार होत आहेत

मनात आलेली गोष्ट लगेच न करता थांबणे, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे, सांगितलेले लक्षात ठेवून त्याप्रमाणे वागणे, ही कामे प्रामुख्याने कपाळामागील मेंदूचा भाग करतो. त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. गाडीच्या ब्रेकसारखा तो उपयोगी पडतो. हा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. तीन ते पाच या वयात त्याची वाढ झपाट्याने होत असते, पण काम अर्धवट असते. एक वर्षाच्या बाळाने धडपडत चालले तर आपण त्याला 'नीट चाल' म्हणून रागावत नाही. चार वर्षांच्या मुलाला 'नीट बस' म्हणून मात्र रोज रागावतो. दोन्ही ठिकाणी शरीर अजून शिकतच असते.

याचा एक साधा प्रयोग अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ ॲडेल डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांना चित्रे दाखवायची. सूर्याचे चित्र दिसले की 'रात्र' म्हणायचे आणि चंद्र-चांदण्यांचे दिसले की 'दिवस'. नियम एवढाच. पाच वर्षांखालच्या मुलांना तो पाळणे फार जड गेले. नियम त्यांना कळलेला असतो, पण सूर्य दिसला की जिभेवर 'दिवस' आधी येतो आणि त्याला अडवणारा ब्रेक वेळेवर लागत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांना तेच सहज जमते. घरात चार वर्षांचे मूल असेल तर हा खेळ खेळून पाहा. 'सांगितलेलं कळतं, पण मुद्दाम करत नाही' हा आपला लाडका आरोप किती पोकळ आहे ते दिसेल.

सूचनांचेही तसेच आहे. 'दप्तर ठेवा, चपला रांगेत लावा, हात धुवा आणि चटईवर येऊन बसा' हे वाक्य आपल्याला साधे वाटते. त्यात चार कामे आहेत. या वयातील मुलाच्या चालू स्मृतीत एका वेळी एक-दोन सूचना टिकतात. दप्तर ठेवून झाले की ते मूल चपलेशी खेळत बसते. त्यात खोडी नसते, पुढचे वाक्य डोक्यातून निसटलेले असते.

शरीराचा हिशेबही वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी, त्यातली किमान ६० मिनिटे चांगली धावपळीची. झोप १० ते १३ तास हवी. आणि मुलाला एका जागी सलग फार वेळ बसवून ठेवू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आता आपल्या गावातील किंवा शहरातील एखादा बालवर्ग डोळ्यांसमोर आणा. बाकांच्या रांगा, मैदान नाही किंवा असले तरी मोठ्या मुलांचे, आणि पालकांचा आग्रह की अक्षरे गिरवून घ्या. एवढ्या सगळ्यातून मूल खिडकीकडे धावले तर ते आपल्या शरीराची गरज भागवत असते.

भीती घातली की वर्ग गप्प बसतो, हे खरे. छडी दाखवली, अंधाऱ्या खोलीचे नाव काढले की शांतता पसरते. पण घाबरलेल्या मुलाच्या शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात आणि विचार करणाऱ्या, थांबवणाऱ्या ज्या भागाकडून आपल्याला काम हवे असते, त्याचेच काम मंदावते. मूल गप्प बसते आणि शिकणेही थांबते. घरी आल्यावर ते चिडचिड करते, रात्री अंथरूण ओले करू लागते किंवा सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणते. अशी पोटदुखी आम्ही तपासतो तेव्हा पुष्कळदा पोटात काहीच सापडत नाही. पोटदुखी मात्र खरी असते.

बाईंकडून उसने घेतलेले ब्रेक

मुलाचे ब्रेक तयार नसतात तोवर ते मोठ्यांकडून उसने घ्यावे लागतात. चांगली बालवाडीताई नकळत हेच देत असते. तिचा संथ आवाज, रोज त्याच क्रमाने होणाऱ्या गोष्टी, हात धुण्याचे ठरलेले गाणे, गोष्टीची ठरलेली चटई, हे सगळे मुलाच्या अपुऱ्या मेंदूला बाहेरून दिलेले टेकू असतात. उद्या काय होणार हे माहीत असलेले मूल कमी घाबरते आणि कमी भांडते.

अनुभवी बाईंना विचारले तर त्या सांगतील की वर्ग बिघडतो तो गोष्टीच्या मध्यात नाही. तो बिघडतो एक काम संपून दुसरे सुरू होताना. डबा संपला पण प्रार्थना सुरू झाली नाही, चित्र काढून झाले पण कागद गोळा करायचे आहेत, अशा रिकाम्या तीन-चार मिनिटांत तीस मुले नुसती थांबू शकत नाहीत. म्हणून त्या वेळेसाठी एखादे बडबडगीत, टाळ्यांचा खेळ, सशासारख्या उड्या मारत नळापर्यंत जाणे अशी काही सोय हवी. 'धावू नका' म्हणण्यापेक्षा 'मांजरीसारखे चाला' म्हटलेले मुलांना लवकर जमते, कारण काय करू नये यापेक्षा काय करावे हे कळणे त्यांना सोपे जाते.

ही सगळी विद्या आपल्याकडे नव्याने आणायची नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक त्या कामात त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, हा विचार तिथला. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, त्यामागे ही खटपट आहे. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेने आपले बसणे बदलावे, असा तो सरळ व्यवहार होता.

मॉन्टेसरी पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. मुलांना गप्प बसा असे सांगत नाहीत. सगळे मिळून शांतता ऐकतात. बाहेरच्या चिमणीचा आवाज, पंख्याचा आवाज, आपला श्वास. मग बाई दूर उभ्या राहून अगदी कुजबुजत एकेकाचे नाव घेतात आणि ते मूल आवाज न करता त्यांच्याकडे जाते. आपले नाव येईपर्यंत थांबणे हा ब्रेकचा व्यायाम आहे आणि मुले तो आनंदाने करतात. शांतता तीच, पण तोंडावर बोट ठेवून मिळवलेल्या शांततेत हा व्यायाम होत नाही.

त्या छात्रशिक्षिकेला आवाजाला आराम देण्यासाठी दोन आठवडे ओरडण्याची बंदी होती. नाइलाजाने तिने टाळी आणि छोटी घंटा वापरायला सुरुवात केली, मुलांच्या जवळ जाऊन, खाली बसून बोलू लागली. तीस मिनिटांचा पाठ तिने दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करून मध्ये उड्या आणि गाणी घातली. दुसऱ्या तपासणीला आली तेव्हा म्हणाली, 'वर्ग शांत झाला असं नाही, पण आता तो माझ्या हातातून निसटत नाही.' चावणारा मुलगा अधूनमधून अजून चावत होता. चार वर्षांच्या वर्गात इतकी प्रगती म्हणजे पुष्कळ झाली.

खोडकर की आजारी?

वर्ग सांभाळताना दर वर्षी चार-पाच मुले 'अवघड' म्हणून वेगळी पडतात. त्यांच्यावर शिक्का मारण्यापूर्वी काही गोष्टी पाहायलाच हव्यात.

पहिली ऐकण्याची. या वयात वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचणे नेहमीचे आहे. कान दुखत नाही, वाहत नाही, फक्त कमी ऐकू येते. असे मूल गोंगाटात हाक मारली तर बघत नाही, टीव्हीजवळ जाऊन बसते, उलट प्रश्न विचारते, आणि वर्गात 'दुर्लक्ष करणारे' ठरते.

दुसरी रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयातील महाराष्ट्रातील ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दर तीन मुलांमागे दोन. लोह कमी असलेले मूल लवकर दमते, चिडचिडे असते आणि लक्ष देण्यात मागे पडते. भिंतीला टेकून झोपणाऱ्या मुलांचा विचार या बाजूनेही करावा. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणे आणि सकाळी उपाशी येणे ही आणखी दोन साधी कारणे.

तिसरी शू-शीची. शाळेचे स्वच्छतागृह घाण असले, लांब असले किंवा विचारायची भीती वाटली की मुले रोखून धरतात. त्यातून बद्धकोष्ठता आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि मग चड्डी ओली होण्याचे प्रमाण आणखी वाढते. चड्डी ओली झाली म्हणून वर्गात उभे करणे हा या आजारावरचा उपचार नाही. दर दीड-दोन तासांनी सगळ्यांना नेऊन आणणे हा आहे.

चौथी क्वचित, पण सुटू नये अशी. बोलता बोलता मूल काही सेकंद एकटक पाहत राहते, हाक ऐकू येत नाही, आणि लगेच काही झालेच नाही असे पुन्हा सुरू होते. असे दिवसातून अनेकदा होत असेल तर तो फिटचा एक प्रकार असू शकतो. घरापेक्षा वर्गातील बाईंच्या ते आधी लक्षात येऊ शकते. औषधाने तो बहुतेकदा आटोक्यात येतो.

पाचवी गोष्ट आजाराची नाही, वाढदिवसाची आहे. एकाच वर्गातील दोन मुलांत अकरा महिन्यांचे अंतर असू शकते. चार वर्षांच्या मुलासाठी तो जवळजवळ पाव आयुष्याचा फरक झाला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला संपते. वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या, म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना 'एडीएचडी' अर्थात अतिचंचलतेचे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के अधिक मिळाले होते, आणि मुलींत हे प्रमाण ७० टक्के अधिक होते. काही मुले आजारी नव्हती, फक्त लहान होती. म्हणून हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे जन्ममहिना ठळक लिहावा, असे मी बाईंना सुचवतो.

अतिचंचलता हा आजार खरा आहे आणि काही मुलांना त्यासाठी मदत लागते. पण या वयात पहिला उपाय औषधाचा नसतो. पालकांना आणि बाईंना मुलाशी वागण्याची पद्धत शिकवणे हा असतो. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणे अपेक्षित आहे. त्या दिवशी बाईंनी आपली शंका तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावी. रोज चार तास मुलाला पाहणाऱ्या बाईंची नोंद आम्हा डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या तपासणीपेक्षा पुष्कळदा जास्त सांगते.

बाईंचा घसा आणि बाईंची तब्येत

गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच घसातज्ज्ञ एतिएन लोम्बार यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिले आणि त्यांच्या नावानेच हा परिणाम ओळखला जातो. वर्गात तो दुहेरी चालतो. मुलांचा आवाज वाढला की बाई आवाज वाढवतात, बाईंचा वाढला की मुले आणखी वाढवतात. 'आवाज वाढवावा' हा शेरा वर्गासाठी चुकीचा का, याचे उत्तर इथे आहे. बोलताना स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. ओरडताना ते जोरात आपटतात, आणि रोज तेच झाले की त्यांवर घट्टे पडतात. शिक्षकांत आवाजाच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळतात, ते यामुळेच.

उपाय महागडे नाहीत. थोडे थोडे पाणी दिवसभर प्यावे. लांबून हाक मारण्याऐवजी जवळ जावे. लक्ष वेधायला घंटा, टाळी, डफली वापरावी. घसा खाकरण्याची सवय सोडावी. आवाज बसला असेल तर कुजबुजत बोलण्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो, त्यामुळे शक्य तितके कमी बोलावे.

सर्दी-तापाचे कारणही उघड आहे. शाळेत जाऊ लागलेल्या लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे सामान्य मानले जाते. तीस मुलांचा हिशेब केला तर नवख्या बाईंच्या वाट्याला काय येते ते समजेल. हाताला साबण लावून वीस सेकंद धुणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि ताप असलेल्या मुलाला घरी ठेवणे, एवढ्याने बराच फरक पडतो. सराव पाठाला जाण्यापूर्वी छात्रशिक्षिकेच्या लसी तपासाव्यात. विशेषतः रुबेला आणि कांजिण्यांबाबत, कारण गरोदरपणात हे आजार धोकादायक ठरतात. आणि तिला स्वच्छतागृहात जायला पाच मिनिटे मिळावीत, हे लिहावे लागते याचेच वाईट वाटते.

मग करायचे काय?

'आमच्या वेळी साठ मुलांचा वर्ग असायचा, बाई छडी घेऊन बसायच्या, आमचे काय वाईट झाले?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणारा टिकून राहिलेला असतो, म्हणून विचारू शकतो. मध्येच शाळा सोडलेली, मठ्ठ ठरवली गेलेली, कमी ऐकू येते हे कधीच न कळलेली मुले हा प्रश्न विचारायला समोर येत नाहीत. शिस्त हवीच, यावर माझे दुमत नाही. न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. बालपणी ज्यांचा आत्मसंयम चांगला होता, त्यांचे आरोग्य आणि आर्थिक स्थिती तिशीत अधिक चांगली आढळली, असे त्यातून २०११ मध्ये पुढे आले. तो संयम धाकाने बसवता येत नाही. तो खेळातून, सरावातून आणि भरवशाच्या मोठ्या माणसाच्या सोबतीने वाढतो.

त्यासाठी चार गोष्टी मला तातडीच्या वाटतात.

एक, मुलांची संख्या. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालसंगोपन आणि शिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी असे म्हटले आहे. शिक्षण हक्क कायद्याची सक्ती सहाव्या वर्षापासून सुरू होते. त्याआधीच्या वर्गांची सोय सरकारने करावी एवढेच तो सुचवतो. त्यामुळे गल्लोगल्लीच्या बालवर्गांत हे प्रमाण पाळले जाते की नाही, हे पालकांनाच विचारावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय 'पायाभूत स्तर' मानले आहे. पायाच म्हणायचे तर तो तीस-पस्तीस मुलांमागे एका छात्रशिक्षिकेवर सोडून चालणार नाही.

दोन, सराव पाठाची रीत. छात्रशिक्षिका ही वर्गातील दुसरी व्यक्ती असावी, एकटी नव्हे. पहिले काही आठवडे तिने फक्त पाहावे, मग दहा मुलांचा गट घ्यावा, मग पूर्ण वर्ग, आणि तोही मूळ बाई खोलीत असताना. आमच्या क्षेत्रात नव्या डॉक्टरला पहिल्या दिवशी एकट्याने शस्त्रक्रिया करू देत नाहीत. छत्तीस मुलांचा जीव आणि मन सांभाळणाऱ्या मुलीला तेवढीच सोबत मिळायला हवी.

तीन, अभ्यासक्रमात मुलाचे शरीर यावे. लक्ष, झोप, हालचाल, ऐकणे, फिट आल्यास काय करावे, घशात काही अडकल्यास काय करावे, स्वतःचा आवाज कसा जपावा, हे विषय हवेत. जवळच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टर, नर्स आणि वाचाउपचार तज्ज्ञ हे दोन-तीन दिवसांत शिकवू शकतात. अध्यापक विद्यालयांनी बोलवावे, आम्ही येऊ.

चार, शेऱ्याची भाषा. 'वर्ग गप्प होता का' यावर गुण देणे थांबवावे. रडणारे मूल किती वेळात सावरले, भांडण कसे मिटवले, एका कामातून दुसऱ्या कामात मुले कशी गेली, हे पाहावे.

पालकांचीही जबाबदारी आहे. बालवर्ग पाहायला गेलात तर भिंतीवरची चित्रे आणि संगणक पाहण्यात वेळ घालवू नका. एका वर्गात मुले किती आणि मोठी माणसे किती, मुले दिवसात किती वेळ मोकळी धावतात, शू लागली तर काय करतात, हे विचारा. चार वर्षांच्या मुलाला अजून लिहिता येत नाही म्हणून बाईंना जाब विचारू नका. तुमच्या त्या एका प्रश्नापायी पस्तीस मुले तासभर पाटीवर गिरवत बसवली जातात, आणि मग त्यांना बसवून ठेवण्यासाठी कोणीतरी ओरडत राहते.

आणि मुलाला घ्यायला फाटकाशी उभे असाल, आतून गलबला ऐकू येत असेल, तर 'वर्ग अगदी हाताबाहेर गेलेला दिसतो' असा निष्कर्ष लगेच काढू नका. चार-पाच वर्षांच्या निरोगी मुलांचा वर्ग असाच वाजतो. कान द्यायचाच असेल तर त्या गलबल्यात बाईंचा आवाज कसा आहे तिकडे द्या. तो साधा बोलण्याचा असेल, तर मूल चांगल्या हातात आहे.